लोड घेऊन घाट चढताना ट्रक दम तोडतो? पंपाला पाना लावण्याआधी हे तपासा

सपाटीला गाडी ठीक चालते, पण लोड घेऊन खंबाटकी किंवा बोरघाट लागला की दम तोडते. पूर्वी चौथ्या गिअरला निघणाऱ्या चढाला तिसरा, मग दुसरा टाकावा लागतो. टाटा १६१३, २५१५, जुन्या लेलँड अशा मेकॅनिकल पंपाच्या (म्हणजे नोझलला डिझेल देणारा पंप कॉम्प्युटरशिवाय चालतो त्या) गाड्यांची ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर अड्ड्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला : "पंप थोडा वाढवून घे", म्हणजे पंपातून जास्त डिझेल सोडायला लाव. हा सल्ला सगळ्यात शेवटी ऐकायचा, आणि बहुतेक गाड्यांना त्याची वेळच येत नाही. ताकद हरवते ती हवेच्या किंवा डिझेलच्या वाटेत, आणि ती वाट पंपापाशी सुरू होत नाही.

खाली लिहिलेलं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीचा पाइपाचा नट चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. तिला स्कॅनरच लावायचा.

आधी लक्षणं नीट पाहा

सायलेन्सरकडे बघितल्याशिवाय बॉनेट उघडू नका. निम्मं निदान धुरात असतं.

धूर नाही आणि ताकदही नाही : इंजिनला डिझेल कमी मिळतंय. टाकी, फिल्टर, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा लहान पंप), रेसची (अ‍ॅक्सिलरेटरची) लिंक, एलडीएची (टर्बोचा दाब पंपाला कळवणारी) नळी इकडे बघायचं.

काळा धूर भरपूर, ताकद कमी : डिझेल मिळतंय, हवा कमी पडतेय, किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाहीये. एअर फिल्टर, टर्बोचे (इंजिनला हवा दाबून देणाऱ्या पंख्याचे) होज, एक्झॉस्ट ब्रेक, मग नोझल.

पांढरा धूर : जानेवारीतल्या पहाटे स्टार्ट केल्यावर थोडा वेळ निघतो, इंजिन तापलं की जातो, तो सोडून द्या. तापल्यावरही डोळ्याला झोंबणारा धूर राहिला तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), नोझल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). गोडसर वास आला तर कूलंट जळतंय.

निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. पिकअपचा इलाज करून हे बरं होत नाही.

सकाळी गाडी छान, अर्ध्या तासाने दम जातो, थांबून पुन्हा निघालं की काही वेळ ठीक : टाकीचं झाकण किंवा टाकीतला गाळ.

आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो : इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतोय. इथंच थांबा आणि क्लचचं काम काढा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनला उरणपेक्षा इथं पाच-सहा टक्के हवा कमी मिळते. तेवढा फरक हा बिघाड नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*ब्रेक धरलेत का.* दहा-पंधरा किलोमीटर सरळ रस्त्याने चालवून, शक्यतो कमी ब्रेक मारून, गाडी थांबवा. प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये : स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकचं अंतर ठरवणारा भाग) जास्त आवळलेला, ब्रेकचा कॅमशाफ्ट बुशात अडकलेला, किंवा परतीची स्प्रिंग गेलेली. हवा पूर्ण भरण्याआधी गाडी काढायची सवय असेल तर पार्किंग ब्रेकही अर्धवट धरलेला राहतो. जोडीच्या चाकांपैकी आतल्या टायरची हवाही मोजा. हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेणं म्हणजे मोजणं नव्हे.

*रेस पूर्ण पोहोचते का.* इंजिन बंद ठेवून एकाने केबिनमध्ये रेसचं पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर बघायचा. लिव्हर फुल रेसच्या स्टॉप बोल्टला टेकलाच पाहिजे. चार-पाच मिलिमीटर अंतर राहिलं तरी चढाला ते कळतं, सपाटीला कळत नाही. कारणं साधी असतात : लिंकचे बुश झिजलेले, बॉल जॉइंट सैल, पेडलखाली जाड मॅट. लिंकची लांबी जुळवून घ्या, पण पंपावरच्या स्टॉप बोल्टला हात लावू नका. तो सील केलेला असतो आणि इंजिनची वरची मर्यादा त्यावर बांधलेली असते.

तिथंच उभे आहात तर इंजिन बंद करायचा लिव्हरही बघा. केबल गंजून जड झाली की तो पूर्ण परत येत नाही. इंजिन चालू राहतं, पण पंपाला पूर्ण डिझेल सोडता येत नाही. केबलमध्ये तेल सोडा, लिव्हरची स्प्रिंग बदला. इतक्या स्वस्त कारणासाठी अख्खे पंप उतरवले जातात.

*एक्झॉस्ट ब्रेक.* सायलेन्सरच्या पाइपात फुलपाखरासारखी फिरणारी झडप असते. काजळीने ती अर्धवट मिटलेल्या स्थितीत अडकली की धूर बाहेर पडत नाही आणि ताजी हवा आत येत नाही. गाडी काळा धूर मारते, गरम होते, उताराला मात्र विनाकारण छान थांबते. बाहेरचा लिव्हर हाताने हलवा. झडप पूर्ण मिटून पुन्हा पूर्ण उघडायला हवी. काही गाड्यांत ही झडप फिरवणारा सिलिंडरच पंपाचा स्टॉप लिव्हरही ओढतो, म्हणून दोन्ही एकत्र तपासलेलं बरं.

एअर फिल्टर

मोशी, वाघोलीच्या क्रशरवर फेऱ्या मारणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधले किलोमीटर लागू पडत नाहीत. हाउसिंगवरच्या इंडिकेटरची पट्टी लाल झाली की फिल्टर काढायचा. इंडिकेटर नसेल तर बसवून घ्या.

फिल्टर टायरवर आपटून झटकायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. कागदाच्या घड्या वाकतात, कडेचं रबर सुटतं, मग धूळ गाळली न जाता आत जाते. साफ करायचाच तर हवा आतून बाहेर मारा, दाब २ बारपर्यंत, म्हणजे साधारण ३० पीएसआय, आणि नोझल कागदाला चिकटवू नका. टायरची हवा भरायचा पूर्ण दाबाचा पाइप लावला तर कागद फाटतो. साफ झाल्यावर अंधारात आत बल्ब धरा. एक जरी ठिपका चमकला तरी फिल्टर टाकून द्या. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

फिल्टरनंतरचा टर्बोकडे जाणारा रबरी होज बोटाने वाकवून बघा. भेग असेल तर आतल्या बाजूला धुळीची रेघ दिसते. हे तातडीचं काम आहे. इथून गेलेली धूळ आधी टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते, नंतर लायनर आणि रिंग.

डिझेलची वाट

इथं सावकाश काम करा, कारण बहुतेक गाड्यांचं दुखणं इथंच सापडतं.

टाकीच्या झाकणापासून सुरुवात. चढाला दम गेल्यावर गाडी सुरक्षित जागी घ्या आणि झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल उपसलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि फीड पंपाला टाकीशी झटापट करावी लागते. भोक साफ करा. झाकण हरवल्यावर बांधलेलं प्लॅस्टिक असेल तर तेही काढा.

मग पाणी. वॉटर सेपरेटरचा किंवा टाकीचा खालचा प्लग सैल करून पहिलं अर्धा लिटर स्वच्छ, पारदर्शक बाटलीत घ्या. टाकीतून घेणार असाल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन चालू करण्याआधी. बाटली दहा मिनिटं टेकवून ठेवा. तळाला पाण्याची वेगळी रेघ दिसते, तिच्यावर कधीकधी काळसर, बुळबुळीत थर असतो. तो गंज नाही. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं वाढणारे जंतू आहेत. असा थर दिसला तर नुसता फिल्टर बदलून आठवड्यात पुन्हा तेच होणार. टाकी उतरवून धुवावी लागते. मावळात पावसाळाभर चालणाऱ्या आणि अर्ध्या टाकीवर रात्र काढणाऱ्या गाड्यांत हे जास्त. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडावून पाणी साचतं, म्हणून रात्री टाकी भरलेली चांगली.

टाकीतल्या सक्शन पाइपाच्या तोंडाची जाळी काढून बघा. गाळाने भरली असेल तर सकाळी गाळ तळाला बसलेला असल्यामुळे गाडी चालते, हादऱ्यांनी गाळ उठला की जाळीवर चिकटतो. अर्ध्या तासाने दम जाण्याचं हे दुसरं कारण.

फीड पंपाखालच्या वाटीतली जाळी धुवा. नंतर दोन्ही डिझेल फिल्टर बदला, एक नाही, दोन्ही, आणि सोबत आलेले रबरी रिंगही. नाना पेठेत घ्या किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत, पण कंपनीच्या पॅकिंगमधलाच घ्या. हलक्या फिल्टरचा कागद पाण्याने फुगतो आणि तुकडे पंपात जातात. जुना फिल्टर कापून उघडला तर गाडीचा इतिहास कळतो : तपकिरी चुरा असेल तर टाकी गंजतेय, चमकणारे कण असतील तर फीड पंप झिजतोय.

लाईनमधली एअर काढण्याचा क्रम पक्का ठेवा. हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा दांडा) मारत राहायचं, आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपावरचा. तरीही स्टार्ट होत नसेल तर नोझलकडचे नट अर्धा-एक आटा सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. शेवटी प्रायमरचा दांडा खाली दाबून आवळायला विसरू नका, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते.

गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होते, वारंवार एअर घेते, पण बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही? तर दोष टाकी ते फीड पंप या तुकड्यात आहे. तिथं दाब नसतो, ओढ असते. म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्या लाईनमध्ये तात्पुरता पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप जोडा आणि इंजिन रेस करा. बुडबुडे पळताना दिसले की टाकीकडून एकेक सांधा तपासत या. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. जुने दाबून बसलेले असतात, कितीही आवळा, धरत नाहीत.

आता ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. याच्याकडे कुणी बघत नाही म्हणून जरा सविस्तर. इनलाइन पंपाच्या (ज्यात डिझेल दाबणारे प्लंजर एका ओळीत असतात) परतीच्या लाईनवर एक पोकळ बोल्ट असतो, त्यात गोळी आणि स्प्रिंग. त्याचं काम पंपाच्या गॅलरीत (प्लंजरांना डिझेल पुरवणाऱ्या आतल्या जागेत) साधारण १ ते १.५ बार दाब टिकवून ठेवायचं; नेमका आकडा पंपाच्या नंबरवर ठरतो. स्प्रिंग मऊ झाली किंवा गोळीखाली कचरा आला की डिझेल अडत नाही, सरळ टाकीत परत जातं. रिकाम्या गाडीला ते पुरतं. लोडवर प्लंजर पूर्ण भरत नाहीत, आणि धूर न मारता गाडी दम तोडते. बाहेरून हा बोल्ट साध्या बँजो बोल्टसारखाच दिसतो. त्यामुळे घाईत कुणीतरी साधा बँजो बोल्ट लावून दिलेला असतो, आणि त्यानंतर नवा फिल्टर, नवा फीड पंप, काहीही घाला, फरक पडत नाही. काढून हातात घ्या, आत स्प्रिंग आहे का बघा, तोंडाने फुंकर मारा. गॅलरीच्या बाजूने हवा सहज पार गेली तर बदला. खात्री हवी असेल तर पंपाच्या इनलेटला दाबाचा मीटर लावून इंजिन पूर्ण आरपीएमला न्या. चांगला व्हॉल्व्ह असूनही दाब पडत असेल तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि प्लंजर बघायचे.

टर्बो गाडी असेल तर

टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप), सगळे होज आणि क्लिपा तपासा. जिथून दाबाची हवा निसटते तिथं तेलकट धुळीचा डाग बसलेला असतो. आधी डोळ्यांनी तो शोधा. नंतर साबणाचं पाणी आणि दुसऱ्याचा पाय रेसवर; बुडबुडे येतील तिथं गळती.

मॅनिफोल्डपासून पंपाकडे जाणारी बारीक नळी विसरू नका. ती एलडीएची. टर्बोचा दाब वाढला की एलडीएतला पडदा दाबला जातो आणि तेव्हाच पंप लोडचं पूर्ण डिझेल सोडतो. नळीला चीर गेली किंवा पडदा फाटला तर टर्बो चांगला असूनही पंपाला ते कळतच नाही. लक्षण ठरलेलं : धूर अजिबात नाही, आवाज गोड, ताकद निम्मी. नळी काढून रेग्युलेटरवरून १ बारच्या आत हवा द्या आणि पुरवठा बंद करा. दाब टिकला तर पडदा ठीक. टिकला नाही तर पडदा बदलायला पंपवाल्याकडे जा. एलडीएवरच्या स्क्रूला पाना लावू नका.

टर्बोचा शाफ्ट इंजिन थंड असताना हाताने हलवा. वर-खाली किंचित हालचाल चालते, कारण तेलाची फिल्म नसते. पातं हाउसिंगला घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल तर टर्बो उतरवायचा. आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करण्याची सवय मोडा. दोन-तीन मिनिटं स्लोवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागेवर करपतं.

टॅपेट आणि नोझल

इथून पुढे हातात फिलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) धरता येत असेल तरच. चाकांना लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, स्टॉप ओढलेला, इंजिन थंड. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधलं, अंतर कमिन्स ६बीटी इंजिनला इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५० मिमी. दुसऱ्या इंजिनला हा आकडा वापरू नका, त्याच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. १-५-३-६-२-४ या क्रमाने सिलिंडर पेटणाऱ्या इंजिनला जोड्या १-६, ५-२, ३-४. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचं अंतर ठेवायचं, आणि उलट. अंतर जास्त राहिलं तर व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, हवा कमी मिळते. कमी राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. टकटक आवाज नको म्हणून टॅपेट आवळून ठेवणारे मिस्त्री आहेत, त्यांच्यापासून जपा.

मिसिंग (सिलिंडरने काम न करणं) कुठल्या सिलिंडरला आहे हे शोधायला इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलचा नट अर्धा आटा सैल करतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. बदलला नाही तर तोच आजारी. चष्मा घाला, नटावर जाड फडकं टाका, आणि डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, तरी तडक दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर बोट जातं.

नोझल उतरवले तर सहाही एकदम टेस्टिंगला द्या. एकच बदलला तर सिलिंडरांचा मेळ बसत नाही. बसवताना जागेवर जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलाय का ते टॉर्च मारून बघा. दोन वॉशर झाले तर नोझलचं टोक वर राहतं, फवारा चुकतो आणि गाडी कायम धूर मारते.

"पंप वाढवणे" म्हणजे नेमकं काय

पंपाचा डिझेल स्क्रू फिरवला की प्रत्येक फवाऱ्यात जास्त डिझेल जातं. हवा तेवढीच असते. जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही, धूर होऊन जातं, आणि लोडवर एक्झॉस्टचं तापमान चढतं. लांब चढ असलेल्या घाटात ते तापमान मिनिटामिनिटाला साचत जातं. आधी टर्बो, मग पिस्टनचा माथा. पीयूसीला अशा जुन्या डिझेल गाडीची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, तीही ओलांडली जाते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं याहून वाईट, कारण पंपाच्या प्लंजरला वंगण डिझेलचंच असतं.

इथं थांबा, हत्यारं खाली ठेवा

डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर इंजिन स्टार्टही करू नका. डिझेल तेलात उतरतंय, बेअरिंग जातील, आणि तेच पातळ तेल ओढून इंजिन आपोआप पळत सुटू शकतं. स्टॉप ओढूनही इंजिन थांबत नसेल तर गाडी वरच्या गिअरला टाका, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा; ते दबून बंद पडतं. इनटेकच्या तोंडावर हात ठेवायचा नाही.

ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत जोरात वाफा येत असतील, तेलाचं झाकण सैल करताच उडत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत असतील, तर रिंग, लायनर किंवा हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन टेस्टशिवाय पुढे जाऊ नका. ते वर्कशॉपचं काम आहे.

पंपाचं टायमिंग, कॅलिब्रेशन, गव्हर्नर (आरपीएम आवरणारा भाग) आणि एलडीएची सेटिंग ही कामं टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचीच. पंप नेताना पंपाच्या प्लेटवरचा नंबर आणि इंजिन नंबर लिहून द्या, कारण एकाच दिसणाऱ्या पंपाचं सेटिंग इंजिनप्रमाणे वेगळं असतं. सहाही नोझल सोबत न्या. काम झाल्यावर प्रत्येक प्लंजरचं डिझेल किती, कुठल्या आरपीएमला, याचा कागद मागा, आणि नवं सील बसवल्याशिवाय पंप ताब्यात घेऊ नका.